बाळाच्या हृदयात मोठा दोष आहे: कोकणातून शस्त्रक्रियेपर्यंत पोचवताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

बाळाच्या हृदयात दोष आहे असं कळलं की घरची माणसं जिवाचं रान करतात. कर्ज काढतात, दागिने मोडतात, रात्री-अपरात्री गाडी काढतात. प्रयत्नांत कसूर नसते, चुकतो तो क्रम. गाडी आधी निघते आणि रुग्णालयाला फोन नंतर होतो. कागद घरी राहतात, बाळ वाटेत गार पडतं. मी रत्नागिरी जिल्ह्यात नवजात बाळांच्या कक्षात परिचारिका आहे आणि हे वारंवार बघते, म्हणून सगळा क्रम एकदा नीट लिहून काढते आहे.

हजार बाळांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मतः काही ना काही दोष असतो. त्यातल्या सुमारे पाव बाळांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरने (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीने) उपचार लागतात. हा लेख त्या बाळांसाठी आहे. छोटं छिद्र, जे पुष्कळदा आपोआप बुजतं, त्याच्यासाठी एवढी धावपळ लागत नाही.

## टप्पा १: पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी

१८ ते २० आठवड्यांत होणारी सविस्तर सोनोग्राफी (लोक तिला अ‍ॅनोमली स्कॅन म्हणतात) वेळेवर करा. "सातव्यात एकदमच करू" म्हणून पुढे ढकलू नका. दोष उशिरा कळला तर विचार करायलाही वेळ उरत नाही, आणि २४ आठवड्यांनंतरचे गर्भपातासारखे काही निर्णय कायद्याने वैद्यकीय मंडळाकडे जातात.

रिपोर्ट हातात आला की हृदयाबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. फक्त "फोर चेंबर व्ह्यू नॉर्मल" एवढंच असेल, तर हृदयातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, म्हणजे आउटफ्लो ट्रॅक्ट, पाहिल्या का हे डॉक्टरांना विचारा. या दोन वाहिन्यांची अदलाबदल झालेली असली, तरी हृदयाचे चारही कप्पे चित्रात अगदी व्यवस्थित दिसू शकतात. असं बाळ जन्मल्यावर काही तासांतच निळं पडतं.

खालीलपैकी काही असेल तर पोटातल्या बाळाच्या हृदयाचा वेगळा इको, म्हणजे फक्त हृदयाची सोनोग्राफी (फीटल इको), करायला सांगा:

- आईला, वडिलांना किंवा आधीच्या मुलाला जन्मजात हृदयदोष आहे
- गरोदर राहण्याआधीपासून आईला मधुमेह आहे
- आईला फिट्सची औषधं चालू आहेत
- लग्न जवळच्या नात्यातलं आहे
- एकाच वारेवरची जुळी आहेत

यातलं काही नसलं म्हणजे धोका नाही, असं मात्र नाही. दोष असलेल्या बहुतेक बाळांच्या घरात आधी कोणालाच काही नसतं.

सावधान: आपल्याकडे सोनोग्राफ्या मुंबईत होतात, कारण नवरा तिथे नोकरीला असतो. बाळंतपण मात्र माहेरी, गावात. आणि फाइल डोंबिवलीच्या कपाटात! सातव्यानंतर गावी येताना सगळे रिपोर्ट मूळ प्रतीत बरोबर आणा, फोनवर फोटोही काढून ठेवा.

## टप्पा २: बाळंतपण कुठे करायचं ते आधी ठरवा

दोष आधीच कळला असेल तर सगळ्यात सुरक्षित प्रवास बाळ पोटात असतानाच होतो. त्यामुळे एरवीची रीत इथे उलटी करावी लागते. माहेरी यायचं नाही. उलट ३६ आठवड्यांच्या सुमाराला, किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा, मुंबई-पुण्याकडे अशा ठिकाणी जाऊन राहायचं जिथे बाळंतपण, नवजात अतिदक्षता (एनआयसीयू) आणि लहान मुलांची हृदयशस्त्रक्रिया या तिन्ही सोयी एकत्र किंवा हाकेच्या अंतरावर आहेत. घरातल्या मोठ्यांना हे पटायला वेळ लागतो. पहिलं बाळंतपण माहेरीच, हा भावनेचा प्रश्न असतो. मग आईची आईच मुलीकडे जाऊन राहू दे. डोंबिवलीत, विरारला, दिव्याला कोणीतरी आपलं असतंच. नवव्या महिन्यात गणपती येत असतील तर महामार्ग गच्च व्हायच्या आधी निघा.

लहान मुलांची हृदयशस्त्रक्रिया होणारी काही ठिकाणं सांगते. मुंबईत परळचं वाडिया बाल रुग्णालय आणि हाजी अलीजवळचं एसआरसीसी बाल रुग्णालय. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी, जिथे मुलांच्या हृदयावरचे उपचार विनामूल्य होतात आणि जे आपल्याकडून जाताना पनवेलच्या पुढे लगेच लागतं. सिंधुदुर्गातली माणसं बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आणि कोल्हापूर-बेळगावकडेही जातात. पण कुठेही जायचं ठरवलं तरी फोनवर नेमका प्रश्न विचारा: "एक महिन्याच्या आतल्या बाळाची हृदयशस्त्रक्रिया तुमच्याकडे होते का, आणि आत्ता एनआयसीयूत जागा आहे का?" नुसतं "हार्टचं हॉस्पिटल आहे का" विचारलंत तर मोठ्या माणसांची अँजिओप्लास्टी करणारी रुग्णालयंही हो म्हणतील.

नेहमीची चूक: "दोष आहे ना, मग आठव्यातच सिझर करून बाळ बाहेर काढू." तसं करू नका. दुसरं कारण नसेल तर बाळ ३९ आठवड्यांपर्यंत पोटात वाढू देणं चांगलं. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला हृदयाची शस्त्रक्रिया जास्त जड जाते. निव्वळ हृदयदोषासाठी सिझरही बहुतेक वेळा लागत नाही.

## टप्पा ३: घरी सोडण्याआधीची पाच मिनिटं

हा टप्पा सगळ्यात स्वस्त आहे, आणि सगळ्यात जास्त सुटतो तोही हाच.

आईच्या पोटात बाळाचं रक्त फुप्फुसाला वळसा घालून एका छोट्या वाहिनीतून जातं. तिला डक्टस म्हणतात. जन्मानंतर ती काही तासांत, काही दिवसांत बंद होते. गंभीर दोष असलेली काही बाळं या वाहिनीच्याच आधारावर जगत असतात. वाडीतला मुख्य पाट बुजला तरी बाजूच्या चरातून पाणी माडांना पोचत राहतं, तसं. तो चर बुजला की बाळ एकाएकी खालावतं. म्हणून पहिल्या दिवशी गोरंगोमटं, रडणारं, दूध ओढणारं बाळ तिसऱ्या दिवशी घरी मलूल होतं आणि लोक म्हणतात, "काल तर छान होतं."

ही बाळं वेळीच सापडावीत म्हणून पल्स ऑक्सिमीटरची, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणाऱ्या यंत्राची, तपासणी असते. ती अशी होते:

1. जन्माला २४ तास झाल्यावर, किंवा त्याआधीच घरी सोडत असतील तर निघण्यापूर्वी.
2. बाळ उबदार, शांत आणि जागं असावं. रडताना किंवा पाय गार असताना आकडा खोटा येतो.
3. नवजात बाळाचा पट्टीसारखा प्रोब आधी उजव्या तळहाताला आणि मग कोणत्याही एका पावलाला गुंडाळतात. उजवाच हात, कारण त्या हाताला डक्टसच्या आधीचं रक्त जातं.
4. पडद्यावरची लाट एकसारखी झाल्यावरच आकडा धरायचा. पट्टीतला लाल दिवा त्वचेतून आरपार दिसला पाहिजे. पट्टी सैल असेल तर आकडा ८० ते ९८ असा नाचत राहतो.

आकडे असे वाचा:
- दोन्हीकडे ९५ किंवा जास्त, आणि हात-पायातला फरक ३ पर्यंत: तपासणी ठीक.
- कुठेही ९० च्या खाली: लगेच डॉक्टर. पुन्हा मोजत बसायचं नाही.
- मधला आकडा, किंवा फरक ३ पेक्षा जास्त: एका तासाने परत मोजा. तरी तसाच आला तर इको होईपर्यंत घरी जाऊ नका.

करोनात घेतलेलं बोटाचं यंत्र बाळाच्या पायाला लावून समाधान मानू नका. ते मोठ्यांच्या बोटासाठी असतं.

तपासणी ठीक आली तरी महाधमनी अरुंद असण्याचा दोष तिच्यातून निसटू शकतो. म्हणून डॉक्टरांना बाळाच्या जांघेतली नाडी बघायला सांगा. "सर, जांघेतली नाडी लागते का?" असं विचारायला संकोच वाटू देऊ नका. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

## टप्पा ४: घरी पहिले सहा आठवडे

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांना ओटीवरून परत पाठवू नका. बाळाचं वजन करू द्या, श्वास मोजू द्या. सुवेर असलं तरी.

रोज तुम्ही स्वतः पाहायच्या गोष्टी:

- श्वास. बाळ झोपलेलं असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. ६० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा एकदा मोजा. तेवढाच असेल तर दवाखाना.
- दूध. दोन घोट घेऊन थांबतं, धापा टाकतं, परत घेतं, दमून झोपतं. दूध पिताना कपाळावर घाम येतो. हे लक्षण आया बरोबर ओळखतात, पण "उकाडाच आहे" म्हणून सोडून देतात. पंख्याखाली असलेल्या बाळाच्या कपाळाला फक्त पितानाच घाम येत असेल तर तो उकाड्याचा नाही.
- रंग. जीभ आणि हिरड्या बघा, उजेडात. पहिल्या दिवशी हात-पाय निळसर असणं चालतं, जीभ निळी कधीच चालत नाही. सावळ्या बाळात ओठांवरून नीट कळत नाही.
- वजन. पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं. १० ते १४ दिवसांत जन्माच्या वजनावर परत यायला हवं, त्यानंतर रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं.

हृदयात मोठं छिद्र असेल तर ही लक्षणं चार ते आठ आठवड्यांनी दिसू लागतात, कारण तोवर फुप्फुसाकडे जास्तीचं रक्त जायला लागलेलं असतं. तेव्हा बाळाला "वारंवार सर्दी-न्यूमोनिया होतो" असं म्हटलं जातं आणि अँटिबायोटिकांचे कोर्स होत राहतात. दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला की इको मागा.

सावधान: धुरी देऊ नका, बाळाच्या श्वासाला ती फार बाधते. गुटी, मध, पोटावर बिब्बा यांतलं काही नको. दृष्ट काढायची असेल तर काढा, पण श्वास मोजून झाल्यावर, आणि त्यासाठी दवाखान्यात जाणं थांबवू नका. "बाळ फार शांत आहे, रडतच नाही" हे कौतुकाने सांगितलं जातं तेव्हा मी आधी त्याच्या पायांना हात लावून बघते.

## टप्पा ५: शंका आली. गाडीत बसण्याआधी

इथे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे. थेट मुंबईला निघू नका. रत्नागिरीहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, कुडाळ-सावंतवाडीहून त्याहून कितीतरी लांब. खालावलेलं बाळ आईच्या मांडीवर, एसी लावलेल्या गाडीत एवढा प्रवास सोसत नाही. आधी नवजात अतिदक्षता विभाग असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय गाठा. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा घर असेल तिथून १०८ ला फोन करा. बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून, डोक्यावर टोपडं घालून, वरून पांघरूण घेऊन न्या.

तिथे पोचल्यावर या गोष्टी याच क्रमाने व्हायला हव्यात:

1. ऊब. बगलेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस.
2. साखर. पायाच्या टाचेतून एक थेंब. न पिणाऱ्या बाळाची साखर उतरलेली असते.
3. शिरेत सुई. शक्यतो दोन ठिकाणी. वाटेत एक निघाली तर दुसरी असावी.
4. ऑक्सिमीटर, हात आणि पाय. ऑक्सिजन लावूनही आकडा फारसा वर जात नसेल तर तो फुप्फुसापेक्षा हृदयाचा दोष असण्याची शक्यता मोठी. ऑक्सिजन लावला म्हणजे उपचार झाले असं समजून बसायचं नाही.
5. लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी फोन. डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोललं पाहिजे. नातेवाइकाने "माझ्या ओळखीचे आहेत" म्हणून केलेला फोन वेगळा.
6. प्रोस्टाग्लँडिन. बंद होत चाललेली डक्टस उघडी ठेवणारं हे औषध शिरेतून सतत द्यावं लागतं. नाव अल्प्रोस्टॅडिल. पहिल्या काही दिवसांच्या बाळात शंका दाट असेल तर इकोची वाट न पाहता ते सुरू करता येतं. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. हे औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि सगळीकडे साठ्यात नसतं. म्हणून पहिल्या तासातच विचारा: "हे आहे का? नसेल तर कुठून आणू?" जिल्ह्याच्या ठिकाणी एक माणूस मोटरसायकलवर आणि बर्फाचा डबा, एवढ्यावर हे काम होतं.

थांबून तपासा: समोरच्या रुग्णालयाने "बेड आहे, पाठवा" असं कोणत्या डॉक्टरने, किती वाजता सांगितलं, ते चिठ्ठीवर लिहिलं का? त्याशिवाय गाडी हलवू नका. "पाठवा, बघू" म्हणजे होकार नाही.

## टप्पा ६: कागद आणि पैसे, त्याच वेळी दुसऱ्या माणसाने

बाळाजवळ एक आणि कागदांमागे एक, अशी दोन माणसं आत्ताच ठरवा. दोघांनी दोन्हीकडे धावू नये.

पिशवीत हे हवं: रेशन कार्ड, आई-वडिलांची आधार कार्डं, जन्माचा दाखला (तो मिळाला नसेल तर रुग्णालयाचं जन्माचं पत्र), बाळाचा पालकांसोबतचा फोटो, गरोदरपणाची फाइल, डिस्चार्ज कार्ड, रेफरलची चिठ्ठी. नवजात बाळाचं नाव रेशन कार्डावर नसतंच, तेवढ्यासाठी अडून बसू नका. काय चालेल ते रुग्णालयातले आरोग्यमित्र (सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणारे) सांगतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर करा. जाण्याआधी दोन गोष्टी विचारा: ते रुग्णालय योजनेत आहे का, आणि तिथे बालहृदयशस्त्रक्रिया योजनेत आहे का. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात हृदयदोष येतो. जिल्हा रुग्णालयातल्या त्यांच्या केंद्रातून पत्र घ्या. एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार आणि वाहन विनामूल्य आहे, तेही मागून घ्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथल्या समाजसेवा विभागात जा.

नेहमीची चूक: आधी अनामत रक्कम भरून दाखल होणं आणि चौथ्या दिवशी योजनेचं नाव काढणं. दाखल होताना, पहिल्याच खिडकीवर सांगा.

## टप्पा ७: रस्ता

रुग्णवाहिकेत बाळाचा श्वास थांबला तर फुगा दाबून श्वास देऊ शकणारी व्यक्ती असलीच पाहिजे. प्रोस्टाग्लँडिन चालू असताना श्वास मध्येच थांबू शकतो, हा त्या औषधाचा ठाऊक असलेला परिणाम आहे. निघताना बघा: ऑक्सिजनचं सिलिंडर प्रवासाच्या वेळेला पुरून उरेल का, औषधाच्या पंपाची बॅटरी चार्ज आहे का, ऑक्सिमीटर लावलेला आहे का.

पावसाळ्यात घाटाची खात्री त्याच दिवशी करा. रत्नागिरीहून कोल्हापूर आंबा घाटाने १३० किलोमीटरच्या आसपास आहे, चिपळूणहून कराडला कुंभार्ली आहे, पण दरड आली की जवळचा रस्ताच लांबचा होतो. पोलीस किंवा तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाला फोन करायला दोन मिनिटं लागतात. रेल्वेने आजारी नवजात बाळ नेऊ नका, गाडी कितीही वेगवान असली तरी. बोगद्यात मदत मिळत नाही.

धाप लागलेल्या बाळाला वाटेत दूध पाजू नका. शिरेतून साखर-पाणी चालू असेल. आईचं सिझर झालेलं असेल तर ती मागून येऊ दे, पण तिने दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहावं, नाहीतर ते आटतं. पुढे त्याच दुधाची बाळाला गरज लागणार असते.

## टप्पा ८: मोठ्या रुग्णालयात

इथे निर्णय डॉक्टरांचे, तुमचं काम समजून घेण्याचं. दोषाचं नाव इंग्रजीत कागदावर लिहून घ्या. शस्त्रक्रिया एकच आहे की टप्प्याटप्प्याने, ही पूर्ण दुरुस्ती आहे की तात्पुरती सोय, हे स्पष्ट विचारा. रक्तवाहिन्यांची अदलाबदल असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांतच करावी लागते, तिथे "बाळ जरा मोठं होऊ दे" चालत नाही. उलट काही दोषांत थांबणंच योग्य असतं. नात्यातल्या दुसऱ्या बाळाचं उदाहरण आपल्याला लावू नका.

## टप्पा ९: घरी परत आल्यावर

शस्त्रक्रिया छान झालेली बाळंही घरी आल्यावर दगावतात, म्हणून हा टप्पा हलका घेऊ नका.

औषधं. मात्रा मिलीलिटरमध्ये लिहून घ्या आणि सुईविना सिरिंजनेच द्या, चमच्याने नाही. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या बाटल्यांत ताकद वेगळी असू शकते. दुकानदाराने दुसरी बाटली दिली तर फोन करून विचारल्याशिवाय देऊ नका. गावात यातली बरीच औषधं मिळत नाहीत, त्यामुळे संपायच्या दहा दिवस आधी मागवा.

दूध. दोन-दोन तासांनी, एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. त्याहून जास्त वेळ ओढायला लावलं तर मिळालेली ताकद पिण्यातच जाते. उरलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या.

उचलणं. छाती उघडून शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण सहा आठवडे बगलेत धरून उचलायचं नाही. एक हात डोक्यामानेखाली, एक कुल्ल्याखाली. मालीशवाल्या बाईंनाही हे सांगा, छातीवर मालीश नको.

तात्पुरती नळी (शंट) बसवलेली किंवा एकाच कप्प्यावर चालणारं हृदय असलेली बाळं. यांना घरी बाळाचा ऑक्सिमीटर आणि वजनकाटा लागतोच. काटा परवडत नसेल तर अंगणवाडीचा वापरा. रोज एकाच वेळी, कपडे काढून वजन करा आणि वहीत लिहा. ऑक्सिजन ७५ च्या खाली गेला, एका दिवसात ३० ग्रॅम वजन घटलं, किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढलं नाही, तर त्याच दिवशी फोन करा. जुलाब-उलट्या या बाळांसाठी साध्या नसतात. अंगातलं पाणी कमी झालं की नळीत गुठळी होऊ शकते. "आज बघू, उद्या नेऊ" नाही.

निळ्या बाळाला एकदम झटका आला, म्हणजे जास्त निळं होऊन जोरात धापा टाकू लागलं, तर त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरा, खांद्याशी घेऊन शांत करा आणि त्याच स्थितीत दवाखाना गाठा.

लसी चुकवू नका. शस्त्रक्रियेच्या आसपासच्या तारखा तेवढ्या सर्जनकडून लिहून घ्या, आणि रक्त चढवलं असेल तर गोवरची लस कधी द्यायची ते विचारा. दात आले की रोज घासा, कारण दातांतला जंतुसंसर्ग हृदयापर्यंत पोचू शकतो. दात काढण्याआधी दंतवैद्याला हृदयाची फाइल दाखवा.

आणि एक चिठ्ठी लिहून आरोग्यपत्रिकेत ठेवा: दोषाचं नाव, शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख, चालू औषधं मात्रेसह, बाळाचा नेहमीचा ऑक्सिजनचा आकडा, सर्जनच्या कक्षाचा फोन. नेहमीचा आकडा विसरू नका. ज्या बाळाचा रोजचाच आकडा ८० आहे, त्याला रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात नेलं की ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तेच आधी हवं असतं.